छापखान्यासाठी रचलेले स्तोत्र

गिरगावात आमची चाळ होती आणि चाळीच्या मागे खोताची वाडी. डिसेंबर लागला की त्या वाडीतल्या लाकडी घरांतून संध्याकाळी नाताळच्या गाण्यांची तालीम ऐकू येई. आम्हा चाळीतल्या पोरांना त्यातले शब्द कळत नसत. पण एका गाण्याची चाल आमच्या तोंडी इतकी बसली होती की विटीदांडू खेळतानासुद्धा आम्ही ती शिट्टीवर वाजवीत असू. 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' असे त्या गाण्याचे नाव, हे मला पुढे कळले.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे काय हे आता सांगावे लागते. शिशाचे एकेक अक्षर, म्हणजे खिळा, केसच्या खणांतून चिमटीने उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये उलटा बसवायचा, ओळ भरली की गॅलीत उतरवायची. इंग्रजी जुळाऱ्याचे काम सव्वीस अक्षरांत भागते. मराठीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खण लागतात, आणि अण्णांना ते सगळे न बघता ठाऊक होते. दिवाळी अंकांचे दिवस आले की ते रात्र रात्र घरी येत नसत. मी डबा घेऊन जाई, आणि फर्मा मशीनवर चढेपर्यंत कागदाच्या रिमांवर झोपून जाई.

१९६४ सालची गोष्ट. मी असाच शीळ घालीत डबा घेऊन चाललो होतो. वाडीच्या तोंडाशी व्हायोलिन शिकवणारे मास्तर उभे होते. त्यांनी मला थांबवले.

"बाबा, ही चाल कुणाची ते ठाऊक आहे?"

"नाताळची."

"तुझे वडील काय करतात?"

"छापखान्यात आहेत. जुळारी."

मास्तर हसले. म्हणाले, "मग ही चाल तुमचीच की रे! छापखान्याच्या लोकांसाठीच ती बांधलेली आहे. नाताळाने ती मागाहून उचलली."

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते खिळ्यांवरची नजर न काढता म्हणाले, "मास्तरांनी तुझी थट्टा केली." मलाही तसेच वाटले. मास्तरांनी थट्टा केलेली नव्हती, हे समजायला मला वीस वर्षे लागली. आणि समजले तेव्हा त्या चालीच्या मागे उभे असलेले एक फार मोठे काम सापडले. त्याचीच हकीकत आज वाचकांना सांगायची आहे.

*

जर्मनीत लाइपझिग नावाचे शहर आहे. पुस्तकांच्या व्यापाराचे ते माहेरघर. १८४० साली या शहरातल्या मुद्रकांनी आणि प्रकाशकांनी एक मोठा उत्सव ठरवला. योहानेस गुटेनबर्गने खिळ्यांची छपाई १४४० च्या सुमारास काढली असे धरून तेथे दर शंभर वर्षांनी सोहळा होई. १६४० साली झाला होता, १७४० साली झाला होता. आता चारशे वर्षे पुरी होत होती. उत्सवाला दिवस निवडला तो २४ जून. तो सेंट जॉनचा, म्हणजे योहानेस या नावाचा दिवस.

गुटेनबर्गचे जयजयकार चालले होते, त्यात एक गोष्ट बहुधा कुणी मोठ्याने बोलले नसेल. त्या बिचाऱ्याचे बायबल छापून होत आले, नेमके त्याच वेळी, १४५५ साली, योहान फुस्ट या सावकाराने कर्जासाठी त्याच्यावर फिर्याद लावली आणि सामान ताब्यात घेतले. छपाईचा बाप स्वतःच्याच छापखान्यातून बाहेर पडला. असो.

उत्सवाला संगीत हवे. आणि लाइपझिगात त्या वेळी संगीत म्हणजे फेलिक्स मेंडेलझोन. वय अवघे एकतीस. शहरातला प्रसिद्ध वाद्यवृंद कापडव्यापाऱ्यांच्या जुन्या वखारीच्या इमारतीत वाजत असे, म्हणून त्याला 'गेवांडहाउस', सरळ मराठीत 'कापडघर', असेच नाव पडले होते. १८३५ पासून मेंडेलझोन त्याचा संचालक होता. विसाव्या वर्षी, १८२९ साली, बर्लिनमध्ये बाखचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' हे विस्मृतीत गेलेले प्रचंड काम त्याने पुन्हा लोकांपुढे उभे केले होते. बाखने ज्या सेंट थॉमसच्या देवळात हयात घालवली ते लाइपझिगातच आहे, तेव्हा हा माणूस या गावाला आपला वाटला यात नवल नाही.

मेंडेलझोनने मुद्रकांना एक नव्हे, दोन कामे करून दिली. पहिले चौकासाठी, दुसरे देवळासाठी.

चौकातले काम २४ जूनला बाजारपेठेच्या मैदानात झाले. उघड्यावर गायचे म्हणून पुरुषांचे दोन वृंद आणि जोडीला पितळी वाद्ये. त्यातले दुसरे गीत गुटेनबर्गच्या गौरवाचे होते आणि त्याची चाल म्हणजेच आमच्या शिट्टीवरची चाल! मेंडेलझोनला स्वतःला ती आवडली होती. १८४३ साली त्याने आपल्या लंडनच्या प्रकाशकाला कळवले की या चालीला दुसरे शब्द मिळाले तर ती लोकप्रिय होईल; पण शब्द आनंदाचे, शिपाईबाण्याचे, चारचौघांत गायचे हवेत; धार्मिक शब्द तिला मुळीच चालायचे नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर आठेक वर्षांनी विल्यम कमिंग्ज या इंग्रज गायकाने तीच चाल चार्ल्स वेस्लीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नाताळगीताला जोडून टाकली, आणि आता त्या धार्मिक शब्दांखेरीज तिला कुणी ओळखत नाही. चाल बांधणाऱ्याचे चालीवर किती चालते, पाहा!

*

दुसरे काम म्हणजे 'लोबगेझांग'. मराठीत अक्षरशः 'स्तुतिगान'. २५ जून १८४० ला दुपारी सेंट थॉमसच्या देवळात ते प्रथम झाले. त्याआधी वेबरचा एक उत्सवी पूर्वरंग आणि हँडेलचे 'डेटिंगन टे डेऊम' वाजले, आणि मग हे.

याची बांधणी निराळी आहे. आपण मैफलीला जातो तेव्हा आलाप संपून चीज केव्हा सुरू होते याची वाट बघतो. येथेही जवळजवळ तसेच आहे. आरंभी तीन ट्रॉम्बोन एक छोटासा, छाती भरून यावी असा स्वरसमूह वाजवतात. बाकीची वाद्ये त्याला उत्तर देतात. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे नुसती वाद्येच वाजतात. एक चलाख भाग, एक जरासा उदास डोलता, एक संथ प्रार्थनेसारखा. ट्रॉम्बोनांचे ते वाक्य अधूनमधून डोके वर काढते. आणि मग एकाएकी सगळा गायकवृंद उठतो आणि तेच वाक्य शब्दांसकट गातो. श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने देवाची स्तुती करावी, असा त्याचा अर्थ. एका स्तोत्रातून घेतलेला. आपण इतका वेळ जे ऐकत होतो ते शब्दांविना बोलणे होते हे तेव्हा उमजते. पुढे नऊ गानखंड येतात, आणि सगळे मिळून तास-सव्वा तासाचे काम होते.

मेंडेलझोनला याला काय म्हणावे हे कळेना. सिंफनी म्हणावी तर अर्ध्याहून अधिक गाणे आहे, कँटाटा म्हणावी तर आधी तीन भाग नुसत्या वाद्यांचे. अखेर कार्ल क्लिंगेमान या त्याच्या मित्राने 'सिंफनी-कँटाटा' हे नाव सुचवले आणि ते त्याने आनंदाने घेतले. आज तबकड्यांवर 'सिंफनी क्रमांक २' असे छापलेले असते तो आकडा त्याच्या मृत्यूनंतरचा आहे. तीन भाग वाद्यांचे आणि मग गायन, ही मांडणी बेथोव्हेनने १८२४ साली आपल्या नवव्या सिंफनीत केलेली होती. तेव्हा 'नक्कल, नक्कल' असा ओरडा झाला आणि पुष्कळ वर्षे चालला. माझे मत विचाराल तर दोघांचे हेतूच वेगळे. बेथोव्हेनच्या कामात गाणे ही शेवटी घेतलेली उडी आहे. येथे वाद्ये ही देवळाच्या पायऱ्या आहेत, गाणे हा गाभारा.

शब्द मेंडेलझोनने स्वतः बायबलातून वेचले, ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातून. यातली जागा ओळखली पाहिजे. ल्यूथरचे बायबल घराघरांत गेले ते छापखान्यामुळे. पण स्वतः गाण्यात छपाई, खिळे, शाई, गुटेनबर्ग यांतला एक शब्दही नाही! आहे तो अंधार आणि उजेड. छापखान्याचा सत्कार करायचा तर अज्ञानाची रात्र जाऊन दिवस उजाडला एवढे म्हटले की पुरे, असे त्याने धरले असावे. त्या वेळच्या जर्मनीत हे बोलणे अगदीच निरुपद्रवी नव्हते. १८१९ च्या कार्ल्सबाडच्या हुकुमांनी वीस फर्म्यांच्या आतले सगळे छापील साहित्य आधी सेन्सॉरच्या हातून जाई. मुद्रणाचा गौरव करणाऱ्या मुद्रकांना हे रोज सोसावे लागत होते.

देवळात टाळ्या वाजवायची पद्धत नाही. पण एका जागी, दोन स्त्रीस्वरांनी देवाची वाट पाहिल्याचे गाणे म्हटले तेव्हा, सगळ्या देवळातून एक कुजबूज उठली. रॉबर्ट शूमान हा थोर संगीतकार श्रोत्यांत होता. त्याने पुढे आपल्या नियतकालिकात लिहिले की मैफलीच्या सभागृहातल्या मोठ्या टाळ्यांपेक्षा देवळातली ती कुजबूज मोलाची.

(आपल्याकडे त्याच १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले. 'दर्पण' १८३२ मधले. गोव्यात तर १५५६ सालीच छापखाना आला होता, आणि फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. मेंडेलझोनचे आजोबा मोझेस हे मोठे तत्त्वज्ञ. त्यांनी बायबलचे पहिले पाच ग्रंथ आपल्या ज्यू बांधवांसाठी जर्मन भाषेत आणले आणि छापले मात्र हिब्रू अक्षरांत. एकाची भाषा, दुसऱ्याची अक्षरे! या कारागिरीचा इतिहास खरोखर कुणीतरी सलग लिहायला हवा.)

*

आता खरी गोष्ट. २५ जूनला जे गायले गेले ते आज आपण ऐकतो ते नव्हे.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मेंडेलझोनने हे काम इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या उत्सवात सादर केले. त्यात शेवटाकडे एक जुने जर्मन आभारगीत येते. आधी नुसते कंठ, एकही वाद्य नाही, आणि मग सगळा वाद्यवृंद. ते सुरू होताच श्रोते आपोआप उभे राहिले. असा मान इंग्लंडात हँडेलच्या 'हालेलुया'ला तेवढा मिळे. हे आभारगीत मार्टिन रिंकार्टचे. लाइपझिगजवळच्या आयलेनबुर्ग गावचा हा धर्मोपदेशक. लहानपणी तो सेंट थॉमसच्याच शाळेत गाणारा मुलगा होता. तीस वर्षांच्या युद्धात, १६३७ साली, गावात प्लेग आला. रिंकार्टने हजारो माणसांचे अंत्यसंस्कार केले. त्यांत त्याची बायकोही होती. इतके पाहिलेल्या माणसाच्या नावावर हे आभाराचे गाणे आहे.

म्हणजे सगळे ठीक चालले होते. उत्सव झाला, परदेशात वाहवा झाली. दुसरा कुणी असता तर प्रत छापायला देऊन मोकळा झाला असता. मेंडेलझोनला मात्र चैन पडेना. काहीतरी राहिले असे त्याला वाटत होते. ते काय, हे त्याला एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा सापडले, असे त्याच्या जुन्या चरित्रात सांगितले आहे. अंथरुणावर तळमळत असताना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला प्रश्न त्याच्या मनात घोळू लागला. कुणीतरी पहारेकऱ्याला विचारतो आहे, की बाबा रे, रात्र सरत आली का?

हा प्रसंग त्याने कामाच्या मधोमध घातला. तार सप्तकातला एकटा पुरुषस्वर तो प्रश्न विचारतो. थांबतो. पुन्हा विचारतो, थोडे वरच्या पट्टीत. पुन्हा विचारतो, आणखी वर. ग्रंथातला पहारेकरी मोठा प्रामाणिक आहे. तो म्हणतो की सकाळ होईल खरी, पण रात्रही पुन्हा येईल. प्रश्न विचारणाऱ्याचे त्यावर समाधान होत नाही. आणि मग, आता काही उत्तर यायचे नाही असे वाटते त्या क्षणी, एक स्त्रीस्वर रात्र संपल्याचे सांगतो आणि त्याच्या पाठोपाठ सगळा वृंद, सगळी वाद्ये उसळून येतात.

या नव्या रूपात काम ३ डिसेंबर १८४० ला गेवांडहाउसात झाले. आणि माझ्या मते तेथेच ते पुरे झाले. खरे सांगायचे तर सगळेच खंड सारख्या तोलाचे नाहीत. काही वृंदगाने फार सभ्य आहेत, शेवटचा भाग जरा लांबतो. जूनमध्ये हे एक सुरेख उत्सवी काम होते: उजेड आला, आनंद करा. पण ज्याने रात्र पाहिलीच नाही त्याने उजेडाचे गाणे गाऊन काय उपयोग? त्या एका प्रश्नाने अगोदरच्या आणि नंतरच्या सगळ्या स्तुतीला किंमत आली.

*

पहारेकऱ्याचे म्हणणे खरे ठरले. रात्र पुन्हा आली.

मेंडेलझोन १८४७ च्या नोव्हेंबरात, अडतिसाव्या वर्षी, लाइपझिगातच वारला. सहा महिन्यांपूर्वी त्याची लाडकी बहीण फॅनी गेली होती. तो जन्माने ज्यू, सातव्या वर्षी बाप्तिस्मा झालेला. त्याची स्तोत्रे प्रॉटेस्टंट देवळांतून घुमत होती. तरी त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांतच वाग्नेरने टोपणनावाने एक लेख लिहून ज्यूंना खरे संगीत साधतच नाही असे ठोकून दिले. पुढे हिटलरच्या राज्यात त्याच्या संगीतावर बंदी आली. गेवांडहाउससमोर त्याचा पुतळा होता, तो १९३६ च्या नोव्हेंबरात रात्री हलवण्यात आला, नगराध्यक्ष कार्ल ग्योर्डेलर परगावी असताना. परत आल्यावर त्यांनी पुतळा पुन्हा बसवा असा आग्रह धरला. तो कुणी मानला नाही, तेव्हा त्यांनी पद सोडले. हेच गृहस्थ पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सापडले आणि २ फेब्रुवारी १९४५ ला फासावर गेले.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. तिच्याकडे गेलो असता तिला लाइपझिग दाखवायचा हट्ट मी धरला. सेंट थॉमसच्या देवळासमोर आता मेंडेलझोनचा पुतळा आहे. जुन्याची प्रतिकृती, २००८ साली बसवलेली. मुलीने मला त्याच्याजवळ उभे करून फोटो काढला. "बाबा, हसा की जरा," म्हणाली. आत गेलो. बाखची समाधी बघितली. १८४० साली श्रोते कोठे बसले असतील, ट्रॉम्बोन कोठून वाजले असतील, याचा अंदाज करीत मी बराच वेळ एका बाकावर बसलो. कापडघराच्या वाद्यवृंदाचे नवे संचालक रिकार्डो शायी यांनी २००५ साली आपल्या पहिल्याच मैफलीला 'लोबगेझांग' घेतले, तेही मूळ जूनमधल्या रूपात. आता ते दोन्ही प्रकारे ऐकायला मिळते. मुलीने मला दोन्ही ऐकवले. पहारेकऱ्याच्या जागी काहीच येत नाही तेव्हा चुकल्यासारखे वाटते.

*

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे.

१९८४ च्या सुमारास अण्णांच्या छापखान्यात फोटोटाइपसेटिंग आले. अक्षरे आता फिल्मवर उमटत. मालकांनी केसा मोडीत काढल्या, खिळे किलोवर विकले. शिशाला भाव बरा आला म्हणे. चाळीस वर्षे ज्या खणांत अण्णांची बोटे फिरली ते पोत्यांत भरून हातगाडीवर गेले. अण्णांना त्यांची स्टिक आठवण म्हणून मिळाली. तोवर काचबिंदूने त्यांची नजरही बरीच गेली होती. घरी आरामखुर्चीत बसून असत. तक्रार कधी केली नाही. फक्त दिवाळी अंक आले की हातात घेत, पानावरून बोट फिरवीत आणि म्हणत, "ठसा लागत नाही रे आता. कागद गुळगुळीत."

त्याच वर्षी एका स्नेह्याने मला या कामाची कॅसेट आणून दिली, सोबत शब्दांचे इंग्रजी भाषांतर असलेली पुस्तिका. मी ती अण्णांसमोर लावली. मास्तरांची जुनी गोष्ट सांगितली. ती थट्टा नव्हती हे सांगितले. "छापखान्यासाठी देवाचे गाणे?" एवढेच ते म्हणाले आणि ऐकत राहिले. वाद्यांच्या भागात त्यांना डुलकी लागली. वृंद गाऊ लागला तेव्हा दचकून जागे झाले. मी थोडाथोडा अर्थ सांगत होतो.

पहारेकऱ्याची जागा आली.

"हा काय विचारतोय?" अण्णांनी विचारले.

"पहारेकऱ्याला विचारतोय, रात्र संपत आली का म्हणून."

"पुन्हा तेच विचारतोय?"

"हो. तीन वेळा."

"आमचा मशीनवाला असाच हाक मारायचा," अण्णा म्हणाले. "पहाटे तीन वाजता. 'अण्णा, झाला का फर्मा?' दहा मिनिटांनी पुन्हा. मी म्हणायचो, होतोय. होत काही नसायचा."

मग तो स्त्रीस्वर आला. "ही काय म्हणते?"

"रात्र गेली म्हणते."

सगळा वृंद उसळला, वाद्ये कोसळली, घरातली भांडी वाजतील की काय असे वाटले. शेजारच्या काकू दारात येऊन डोकावून गेल्या. अण्णा काही बोलले नाहीत. तो खंड संपला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"जरा मागे घे," ते म्हणाले. "तो विचारतो ना, तेथपासून लाव."